बॉनेटपुढचा पुरुषार्थ

गाडी तापली की पुरुषाने बॉनेट उघडून उभं राहायचं असतं. आत काय बघायचं ते कुणी शिकवत नाही; उभं कसं राहायचं ते उपजत येतं. एक हात कमरेवर, दुसरा हनुवटीला, अधूनमधून एक खोल 'हं'. साताऱ्याला जाताना खंबाटकीत वाहतूक तुंबली, काटा लाल रेघेला टेकला, आणि मी हे सगळं बिनचूक केलं.

"अहो, वाऱ्यावर होतो तोवर काटा खाली होता, थांबल्यावर चढला," बायको आतून म्हणाली. तिच्या मांडीवर गाडीचं पुस्तक. "पंखा फिरत नाहीये."

मी 'हं' म्हणालो.

घाटात उघडं बॉनेट दिसलं की माणसं जमतातच. पहिला थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो, जणू आतलं उकळतं, दाबाखालचं पाणी तोंडावर घ्यायचा त्याचा नवस आहे. दुसरा पेट्रोलमधल्या भेसळीवर घसरतो. तिसरा वाफाळत्या इंजिनाकडे बघत विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" आणि एक काहीच न बोलता शेजारी येतो, कमरेवर हात ठेवतो नि 'हं' म्हणतो. त्याला मी लगेच ओळखलं. आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

बाबांच्या फियाटचा पंखा पट्ट्यावर चालायचा. इंजिन फिरलं की तोही फिरायचा. तरी चढणीला गाडी तापायचीच, आणि बाबा असेच उभे राहायचे. मला वाटायचं, ते नुसत्या नजरेने गाडी बरी करताहेत. ते फक्त ती निवायची वाट बघत होते, आणि मागच्या सीटवरची आम्ही पोरं घाबरू नयेत एवढं बघत होते. हे कळलं तेव्हा त्यांना विचारायची सोय उरली नव्हती.

"आता निवलीय. एसी लावून बघा," बायको म्हणाली. एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला. "म्हणजे सेन्सर नव्हे. फ्यूज, रिले, नाहीतर मोटर." फ्यूज शाबूत निघाला. मग गाडी बंद करायला लावून तिने बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा वाचला. हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच जातीचा होता. हॉर्नचा उपटून तिने पंख्याच्या जागी बसवला. गाडी चालू, एसी चालू, आणि पंखा घुर्रर्र करून सुटला.

"साहेबांना माहिती आहे बरं का!" ॲव्हरेजवाला माझ्याकडे बघून म्हणाला.

मी 'हं' म्हणालो.

बायकोने नुसतं पुस्तक मिटलं. तो आवाज मला साताऱ्यापर्यंत पुरला असता. पण पुढच्याच वळणावर एक ट्रक रस्ताभर पसरून रांगत होता. मागे ठळक अक्षरांत, राज्यात २०१५ साली बंदी आलेलं, 'हॉर्न ओके प्लीज'.

"काच खाली घ्या," ती म्हणाली, "आणि ओरडा."