लाल झाकणाची ट्यूब

बदलापूरच्या कात्रपमध्ये डॉक्टर किती, हे पाट्या मोजून सांगता येईल. केसतोडावरच्या तज्ज्ञांची मात्र मोजदाद अशक्य. मानेवर एक लाल पुळी दिसायचा अवकाश, वॉचमन चुना लावायला सांगतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू 'पोट साफ नाही तुझं' म्हणतात आणि लोकलमधला चौथ्या सीटवरचा गृहस्थ सगळा दोष आंब्यांवर ढकलून मोकळा होतो.

आंबे निर्दोष आहेत. केस जिथून उगवतो त्या मुळाला सूज येते, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूमुळे. तो काही बाहेरगावचा नाही. बऱ्याच जणांच्या नाकात बिनभाड्याने राहतो. बारीक ओरखडा, घाम आणि घासणारा कपडा एवढं जमलं की आत शिरतो. उन्हाळ्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आपण घट्ट जीन्स चढवून, शेजाऱ्याच्या घामाला आपला घाम लावत सीएसएमटीपर्यंत 68 किलोमीटर उभे. जंतूला आणखी कसलं आमंत्रण द्यायचं?

सलूनमध्ये नवं ब्लेड हट्टाने मागणारं गिऱ्हाईकच शेवटी म्हणतं, 'उलटा हात मार, गुळगुळीत पाहिजे.' उलटा कापलेला केस, त्यात कुरळा असला तर, वाढताना वळून कातडीतच घुसतो. ब्लेड नवं, पुळ्या त्याच. सकाळपासून अख्ख्या वॉर्डाची तोंडं पुसणाऱ्या टॉवेलबद्दल न बोललेलं बरं.

पण खरी गंमत मेडिकलच्या काउंटरवर. 'दादा, ती लाल झाकणाची ट्यूब द्या.' कशासाठी, असं कोणी विचारत नाही. विचारणं म्हणजे गिऱ्हाईकाचा अपमान. या ट्यूबमध्ये बहुधा तिघे एकत्र नांदतात: जंतूंचं औषध, बुरशीचं औषध आणि तगडं स्टेरॉइड. दोन दिवसांत लाली जाते, कारण स्टेरॉइड शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतं. बोंब थांबली, चोर आतच. ट्यूब बंद केली की पुळ्या दुप्पट जोराने परततात, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांनी कातडी पातळ, आणि स्टेरॉइडच्या स्वतःच्या पुळ्या वेगळ्या. 2018 साली सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. चिठ्ठी असते की, बायकोने लिहिलेली: दूध, कोथिंबीर, ट्यूब.

त्यात पाठीवर-छातीवर एकाच मापाच्या, खाजणाऱ्या पुळ्या असतील तर त्या अनेकदा बुरशीच्या असतात. त्यावर मनाने अँटिबायोटिक घेतलं की बुरशीला आणखी रान मोकळं. हा फरक काउंटरवरून दिसत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत तर नाहीच.

आजीचं पोटीस मात्र शास्त्राला धरून होतं. पिठाचा गुण नव्हे, उष्णतेचा. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा धरायचं. घामट कपडे आल्याबरोबर उतरवायचे, दाढीला आठवडाभर सुट्टी, टॉवेल स्वतःचा. साधी केसपुळी एवढ्याने बसते. फुकट आहे, म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. आणि पिळायची नाही! नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासची तर मुळीच नाही. तिथल्या शिरांचा रस्ता थेट मेंदूच्या दिशेने जातो. पण आरसा समोर आला की आपल्यातला सर्जन जागा होतो.

गाठ मोठी झाली, ताप आला, लाली पसरत चालली, तर डॉक्टर गाठावा. केसतोड पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी, मधुमेहाची ती पहिली खूण असू शकते. एवढं सांगितलं की समोरचा दुखावतो. 'आमच्या घराण्यात कोणाला शुगर नाही,' असं ठणकावून, चहात दुसरा चमचा ढवळत विचारतो, 'त्याच्यापेक्षा स्ट्राँग ट्यूब कुठली येते?'