मेदाची जमाबंदी

महसूल खात्यात एकतीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या मनुष्याच्या पोटात चार गोष्टींचा संचय होतो : दफ्तरातील गुपिते, वरिष्ठांविषयीची मते, नामंजूर झालेल्या प्रवासभत्त्यांची हळहळ आणि मेद. पैकी पहिल्या तिन्हींचा भार चार माणसांत बोलून हलका करता येतो. चौथीची मात्र तशी सोय परमेश्वराने ठेवलेली नाही, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती समजूत कशी खोटी ठरली ते पुढे येईलच. तूर्त इतकेच नमूद करतो की, गेल्या चैत्रात आमच्या डॉक्टरांनी माझे वजन ब्याऐंशी किलो असल्याची नोंद करून ‘रोज सकाळी तासभर चाला’ असा हुकूम फर्मावला, आणि तो हुकूम हाती पडताच, कोणत्याही सरकारी माणसाने जे केले असते तेच मी केले. म्हणजे अंमलबजावणी बाजूला ठेवून ती कोणत्या रीतीने करावी या मुद्द्यावर खल सुरू केला.

मुद्दा असा की, चालायचे ते उपाशीपोटी की पोटाला आधार देऊन, आणि रमतगमत की झपाट्याने? हा प्रश्न मला स्वतःहून सुचला असे म्हणवत नाही. तो सुचवला माझ्या भाच्याने, ज्याच्या दंडांचा घेर माझ्या मांड्यांएवढा असून जो दिवसाचे दोन तास ‘जिम’ नामक तळघरात लोखंड उचलण्यात व्यतीत करतो. ‘मामा, सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही. रिकाम्या पोटी कार्डिओ केला की डायरेक्ट फॅट बर्न होतं,’ असे त्याने मला बजावले. त्याच्या मराठीतील क्रियापदे तेवढी मला कळली. पण विचाराअंती त्यामागची उपपत्ती ध्यानात आली, आणि ती माझ्या जुन्या खात्याच्या कारभाराशी इतकी जुळणारी निघाली की मी तत्काळ त्या पंथाची दीक्षा घेतली.

शरीराचा कारभार थोडक्यात असा चालतो. यकृत म्हणजे तालुक्याची तिजोरी. तिच्यात ग्लायकोजेन नावाची रोख शिल्लक असते, पण ती फार तर शंभर ग्रॅम. स्नायूंकडे याच चलनाची तिप्पट-चौपट रक्कम असते खरी, परंतु प्रत्येक स्नायू आपल्यापुरते पाहणारा. शेजाऱ्याला उसने देण्याची त्यांच्यात रीत नाही. या रोकडीखेरीज जी स्थावर मिळकत, जिला आपण पोट, ढेरी, क्वचित आदराने ‘तब्येत’ म्हणतो, ती म्हणजे मेद. रात्रभर मेंदू आणि इतर अधिकारी मंडळी तालुक्याच्या तिजोरीवर गुजराण करतात, त्यामुळे पहाटेपर्यंत तिच्यात खडखडाट होत आलेला असतो. रक्तातले इन्शुलिनही उतरलेले असते, आणि इन्शुलिन हा मेदाच्या कोठाराचा पहारेकरी असल्याने तो डुलकी घेत असता कोठाराचे दार किलकिले होते. अशा मोक्याच्या घटकेला चालायला निघालो तर खर्चाची तजवीज कोठारातूनच करणे शरीराला भाग पडते. यात चूक काहीच नाही. उपाशीपोटी चालताना मेद अधिक प्रमाणात जळतो हे शास्त्राला मान्य आहे, आणि इतके मान्य असल्यावर पुढची कागदपत्रे वाचण्याची गरज मला तरी तेव्हा भासली नाही.

आमच्या शेजारी राहणारे निवृत्त पोस्टमास्तर हे विरुद्ध पक्षाचे पुढारी. त्यांना उपाशी चालण्याची मनाई आहे, कारण ते मधुमेहाच्या ज्या गोळ्या घेतात त्या घेऊन रिकाम्या पोटी श्रम केले तर रक्तातली साखर एकाएकी खाली येऊन माणूस रस्त्यातच आडवा व्हायचा, असे त्यांच्या डॉक्टरांनी बजावलेले आहे. (हा इशारा रास्त आहे, आणि त्या गोळ्या अथवा इन्शुलिन घेणाऱ्या कोणीही माझ्या पंथात वैद्याला न विचारता येऊ नये, एवढे मी विनोद बाजूला ठेवून सांगतो.) परंतु मनाईचे रूपांतर सिद्धांतात करण्याची विद्या पुण्यात कोणाला शिकवावी लागत नाही. पोस्टमास्तरांच्या चिरंजिवांनी घरात चालण्याचे यंत्र आणून ठेवलेले आहे, त्याच्यावर एक रंगीत तक्ता असून, वयानुसार नाडीचे ठोके अमुक इतकेच राखले तर शरीर ‘मेद जाळण्याच्या टप्प्यात’ राहते असे त्यावर छापले आहे. २२० मधून वय वजा करायचे, त्याचे शेकडा साठ-सत्तर काढायचे आणि त्यापुढे नाडीला जाऊ द्यायचे नाही. पोस्टमास्तर एकाहत्तर वर्षांचे. त्यामुळे ते मिनिटाला नव्वद ते शंभर ठोक्यांच्या हद्दीत, दोन पोळ्या व चहा घेऊन, वरातीतल्या नवरदेवाच्या गतीने चालतात, आणि जो कोणी त्यांना मागे टाकून पुढे जाईल त्याच्याकडे करुणेने पाहतात.

जाता जाता या यंत्राचे कूळ सांगितलेच पाहिजे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांना रिकामे बसू न देण्यासाठी पायांनी फिरवायचे एक प्रचंड चाक योजले; त्यावर कैदी तासन्‌तास पायऱ्या चढत आणि कोठेही पोचत नसत. त्याच शतकाच्या अखेरीस ही शिक्षा अमानुष ठरवून इंग्रज सरकारने ती बंद केली. आज तिचीच नात लोक हप्त्याने विकत घेतात आणि काही दिवसांनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. पोस्टमास्तरांकडच्या यंत्रावरही टॉवेलच असतात. ते स्वतः तक्ता तेवढा पाठ करून माझ्याबरोबर पर्वतीला येतात.

पर्वतीला एकशे तीन पायऱ्या आहेत. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी वरचे देवालय उभारले तेव्हा खालच्या प्रजेच्या मेदाचा विचार त्यांच्या मनात असण्याचा संभव कमी; पण आज पहाटे पाचापासून तेथे जी गर्दी लोटते तीत देवाच्या दर्शनाला आलेले किती आणि पोटाच्या विसर्जनाला आलेले किती, हे पाहू गेल्यास देवदेवेश्वराला वैषम्य वाटावे. पायथ्याशी एक तिसरा पंथही भेटतो. हे लोक डॉ. जिचकारांच्या विचारावर आधारलेल्या डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवतात आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतात. त्यामुळे त्यांना वाद घालायला वेळ नसतो व आमचे त्यांच्याशी जमत नाही.

पोस्टमास्तरांचा सिद्धांत मी पहिल्याच आठवड्यात खोडून काढला. संथ चालीत जळणाऱ्या इंधनात मेदाचे प्रमाण शेकड्याने सर्वांत जास्त असते, आणि गती वाढवावी तसतसे ते प्रमाण घटून साखरेचे वाढते, हे त्यांचे म्हणणे निर्विवाद खरे. पण शेकडा म्हणजे काय वस्तू आहे हे महसूल खात्यातल्या माणसाला कोणी सांगू नये! ‘मास्तर,’ मी म्हणालो, ‘पन्नास उंबऱ्यांच्या वाडीने शेतसारा शेकडा नव्वद भरला आणि बाजारपेठेच्या कसब्याने शेकडा पन्नास भरला, तर कलेक्टर वाडीच्या पाटलाला शाबासकी देईल, पण खजिना कोणामुळे भरला?’ १९९३ साली सराईत सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले होते : अगदी मंद गतीत शेकडा प्रमाण सर्वांत मोठे, परंतु मिनिटाला प्रत्यक्ष किती मेद जळला हे मोजता मध्यम गतीचा आकडा वरचढ. पोस्टमास्तरांनी यावर दोन पायऱ्या मौन पाळले, मग म्हणाले, ‘कारकूनसाहेब, तुमचा कसबा तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसेल. माझी वाडी वर्षभर भरणा करील.’ हे उत्तर शास्त्राला धरून आहे की नाही हे ठरवण्यापूर्वीच माझा डावा गुडघा खरोखर धरला, आणि मुद्दा तहकूब राहिला.

माझ्या सिद्धांताची वासलात मात्र घरातच लागली. मी एके दिवशी जमाखर्च मांडायला बसलो. ब्याऐंशी किलोचा मनुष्य सपाट रस्त्याने तासात पाच किलोमीटर चालला तर पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी खर्ची पडतात. त्यातल्या निम्म्या मेदातून आल्या असे धरू. मेदाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी. म्हणजे पहाटे उठून, उपाशी राहून, दोन भटक्या कुत्र्यांना चुकवून मी जो मेद जाळला तो पंधरा ग्रॅम. हा आकडा मी सौभाग्यवतींना काहीशा अभिमानाने ऐकवला. त्यांनी काही न बोलता फडताळातून तुपाची बरणी काढली, मोठा चमचा भरला आणि माझ्यासमोर धरला. ‘अहो, हे बघा तुमचे पंधरा ग्रॅम. काल वरणभातावर तुम्ही दोनदा वाढून घेतले.’

लढाई तेथेच संपायची, पण मी चिवट. मी म्हणालो की प्रश्न प्रमाणाचा नसून उगमाचा आहे. रक्कम थोडी असेल, पण ती मूळ ठेवीतून निघाली. यावर भाच्यानेच माझा घात केला. त्याने आणलेली हकीकत अशी : २०१४ साली अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी वीस तरुणींना चार आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, तासभर व्यायाम करायला लावला. सगळ्यांना खर्चापेक्षा कमी आहार. फरक इतकाच की निम्म्या जणी रात्रभराच्या उपाशी आणि निम्म्या जणी खाऊन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचे वजन उतरले, मेदही उतरला, आणि दोन गटांत नाव घेण्यासारखा फरक आढळला नाही.

असे का व्हावे हे मला भाच्याआधी कळले, कारण मार्चअखेर मी एकतीस वेळा पाहिली आहे. सकाळी एका सदरातून रक्कम उचलली की संध्याकाळी दुसऱ्या सदरातून ती परत वर्ग करायची, आणि ताळेबंद होता तसा राखायचा, ही कला शरीराला कोणत्याही ट्रेझरीपेक्षा अधिक अवगत आहे. उपाशी चालून सकाळी मेद जास्त जाळला की उरलेल्या दिवसात शरीर तो कमी जाळते. खाऊन चालले की उलट. चोवीस तासांची, किंबहुना आठवड्याची बेरीज मांडल्यावर आत किती आले आणि बाहेर किती गेले, एवढेच काय ते खतावणीत उरते. आणि माझ्या खतावणीत, हे आता लपवण्यात अर्थ नाही, रिकाम्या पोटी पर्वती उतरल्यावर पायथ्याच्या आसपास मिसळीचा वास येतो. उपाशी मनुष्याला तो अंमळ जास्तच येतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या कोणी केली त्याने शोनफेल्डचा निबंध वाचलेला नसावा, पण त्याने साबूदाण्याची खिचडी खाणारा माणूस जवळून पाहिला होता.

राहता राहिली तोंडावाटे मेद जाण्याची गोष्ट. त्याच २०१४ साली रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी, जळलेला मेद अखेर जातो कोठे, याचा हिशेब प्रसिद्ध केला. तो घामातून जातो, ऊब होऊन जातो, असे आपण समजतो. वस्तुस्थिती अशी की दहा किलो मेद जळला तर त्यातले आठ किलो चारशे ग्रॅम श्वासावाटे कर्बवायू होऊन बाहेर पडतात आणि उरलेल्याचे पाणी होते. हे मी पोस्टमास्तरांना सांगितल्यापासून त्यांनी चालताना बोलण्याचे प्रमाण दुप्पट केले आहे. जोराने बोलून मेद जात नाही, आधी तो स्नायूंनी जाळावा लागतो, हे मी त्यांना समजावून पाहिले. पण त्यांचे म्हणणे, ‘जावक खिडकी उघडी ठेवायला काय हरकत आहे?’

अखेर दोघांनी एक महिना आपापल्या पंथाने चालायचे आणि मग वजन करायचे असा करार ठरला. सौभाग्यवतींनी दोन्ही घरांत तुपाचा चमचा लहान केला आणि मिसळीवर जप्ती आणली, ही अट पक्षकारांना न विचारता घालण्यात आली. मी हिशेब करून ठेवला होता : बसून राहिलो असतो तरी जे खर्ची पडलेच असते ते वजा जाता चालण्याचे रोजचे निव्वळ उत्पन्न दोनशे कॅलरी, किलोभर मेदाची किंमत सात हजार सातशे, म्हणजे केवळ पायांच्या भरवशावर एक किलो उतरायला अडतीस-एकोणचाळीस दिवस. वजन कोठे करायचे यावर मात्र चार दिवस गेले, कारण माझ्या घरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही व त्यांच्या घरच्यावर माझा. शेवटी त्रयस्थ म्हणून कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मुक्रर झाली.

गिरणीवाल्याने पाटी पुसली, डब्यांची रांग मागे सारली आणि आम्हांला एकामागून एक काट्यावर उभे केले. मी आठशे ग्रॅमने उतरलो होतो, पोस्टमास्तर सातशेने. शंभर ग्रॅम! मी तोंड उघडून उपाशीपंथाचा विजय जाहीर करणार, इतक्यात पोस्टमास्तरांनी हात वर करून हरकत नोंदवली, सदऱ्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, पाठोपाठ चष्म्याचे घर, गोळ्यांची डबी, कंगवा आणि बँकेचे पासबुक काढून पिठाने माखलेल्या कट्ट्यावर ओळीने मांडले आणि म्हणाले, ‘पुन्हा तोला.’

‘काका, काटा तसाही शंभर ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो,’ गिरणीवाला म्हणाला.

मी पायांतल्या चपला काढल्या. पोस्टमास्तरांनी मनगटावरचे घड्याळ उतरवायला घेतले. मागे ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी डबा या कमरेवरून त्या कमरेवर केला आणि विचारले, ‘आजोबा, तुमचं दळण झालं असेल तर माझं ठेवू का?’