गॅस गेला हो!

विठ्ठलवाडीत एप्रिल महिन्यात लिफ्टमध्ये कुणी नुसतं म्हणावं, "आमचा एसी हल्ली थंड करत नाही," की तळमजला यायच्या आत निदान होतं : गॅस गेला! फिल्टर शेवटचा कधी धुतला, हे कुणी विचारत नाही. "दरवर्षी भरावाच लागतो," असं शेजारचे काका सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला सिलिंडर असतो. एसीतला गॅस जळत नाही, आटत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो आयुष्यभर फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक पडलंय. पण भोक शोधायला अख्खी दुपार जाते आणि गॅस मारायला अर्धा तास पुरतो. त्यामुळे मारणारेच उदंड.

मेकॅनिकने गेज लावलं की सगळं घर काट्याकडे टक लावतं. "एकशे चाळीस पाहिजे, ऐंशीच दाखवतोय." काका तिथेही हजर. "आमचा तर पासष्टवर गारेगार चालतो!" त्यांचा एसी जुना, आर-22 वाला, आमचा आर-32 चा. दोन्ही गॅसची प्रेशरं मुळातच वेगळी. पण जिन्यात एकमेकांची शुगर ताडून बघायची सवय, त्यातलाच हाही आकडा.

खरी गंमत बर्फाची. गॅस कमी पडला की आतली कॉइल शून्याखाली जाते, हवेतला दमटपणा तिच्यावर गोठतो आणि वाऱ्याची वाटच बंद होते. आमच्या आईचं मत : "अरे, बर्फ धरलाय म्हणजे छानच चालतोय की!" फिल्टर धुळीने बुजला तरी असाच बर्फ धरतो. म्हणून जाणता मेकॅनिक गेज काढण्याआधी जाळ्या धुऊन घेतो. आमच्या मेकॅनिकने तेही केलं, मग नटांना साबणाचा फेस फासून बुडबुड्याची वाट बघत बसला. बुडबुडा आला नाही.

"नट ओके आहेत काका. नाला जवळ आहे ना? कॉइलच खाल्लीय."

ज्याला तो नाला म्हणाला, ती वालधुनी नदी. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराशेजारून वाहते, ती उल्हासनगर ओलांडून आमच्यापर्यंत येईतो पुण्य संपून नुसता वास उरतो. कुजक्या पाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं करतो आणि पोखरतो. आमच्या देव्हाऱ्यातला चांदीचा विठोबाही त्यानेच काळा पडतो. त्याला ते शोभतं, कॉइलला नाही.

कॉइल बदलली. व्हॅक्यूम पंप घरघरला. मग मेकॅनिकने चक्क वजनकाटा काढला. बाहेर ऊन वाढलं की गेजचा काटा हलतो, पण ग्रॅम हलत नाहीत. किती भरायचे ते आउटडोअरच्या पाटीवरच छापलेलं असतं. सिलिंडर काट्यावर चढला तशी आमची ही स्वयंपाकघरातून पदर खोचतच बाहेर आली.

"भाऊ, जुना गॅस काढलात तो किती भरला? तेवढा वजा करून पैसे सांगा."