रोहित गैरहजर

पहिली-दुसरीच्या मुलांची सहल पाणपक्षी बघायला न्यावी, असं ज्याला सुचतं त्याने पाणपक्षी पाहिलेले असतात; पहिली-दुसरीची मुलं नसतात. पक्षी बघायचे तर शांतता हवी. आमच्या बसमध्ये ती फक्त ड्रायव्हरकाकांच्या चेहऱ्यावर होती, आणि तीही सगळी आशा सोडलेल्या माणसाची.

सहल होती निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिशांच्या काळात बंधारा बांधला. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांची चंगळ झाली. २०२० साली हे ठिकाण महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. गाईडदादांनी एवढं सांगितलं आणि पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "गाळ म्हणजे चिखलच ना?"

"हो."

"मग आई आम्हाला का ओरडते?"

सोबत आलेल्या आया तातडीने लांबचा करकोचा न्याहाळू लागल्या.

दुर्बीण मुलांनी आधी उलटी धरली. तिच्यातून मॅडम फारच लांब गेलेल्या दिसल्या, त्यामुळे यंत्र एकदम पसंत पडलं. सुलटी केल्यावर दिसला वारकरी : काळाकुळीत अंग, कपाळावर पांढरा टिळा. "याचे टाळ कुठंयत?" अशी चौकशी झाली. आवाज ऐकून वारकरी पाण्यावरून धावत सुटला आणि उडाला. चमचा पक्षी चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून खाणं चाचपतो, हे मुलांनी नीट पाहून ठेवलं. दुपारी डब्यातला मसालेभात दुसरीच्या अख्ख्या वर्गाने त्याच पद्धतीने खाल्ला.

कमळपक्ष्याची मादी अंडी घालून निघून जाते. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. हे ऐकताच आयांचं पक्षिशास्त्रावर प्रेम जडलं. सगळ्या बाबांना मात्र एकाच वेळी अर्जंट फोन आले.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "पक्षी शी पाण्यातच करतात?" मोठ्यांनी "शूऽऽ" केलं. गाईडदादा मात्र खुलले. म्हणाले, तीच विष्ठा पाण्याला खत होते; त्यावर शेवाळ आणि वनस्पती वाढतात, त्या खाऊन किडे-मासे वाढतात, आणि ते खायला पुन्हा पक्षी येतात. पाणथळ जागेचं सगळं गणित त्या एका प्रश्नात निघालं.

आम्हा पालकांचा प्रश्न सकाळपासून एकच होता, "रोहित आले का?" म्हणजे फ्लेमिंगो. त्यांच्यासोबत सेल्फी काढून ग्रुपवर टाकायचा होता. "आज रोहित नाही," असं दादांनी सांगताच मागून उत्तर आलं, "त्याला ताप आलाय!" वर्गातल्या रोहितची हजेरी अशी परस्पर लागली.

परतताना पालक हळहळत होते, खास काही दिसलंच नाही. मुलांना टिटवी, बेडूक, म्हैस, म्हशीच्या पाठीवरचा बगळा असं सगळं दिसलं होतं, आणि ते सगळं त्यांच्या लेखी खासच होतं.

तेव्हा शाळांना एक विनंती. अशा सहली दर हिवाळ्यात जरूर काढा. पालक मात्र मोजकेच न्या, आणि त्यांचे मोबाईल बसमध्येच जमा करून घ्या.