उघड्या टपाचा ताळेबंद

ज्या मोटारीचे छप्पर मालकाच्या लहरीनुसार उघडता वा मिटता येते तिला कन्व्हर्टिबल म्हणतात. परंतु गाडीच्या छपराला 'टप' हा नेमका शब्द मराठीत असताना तिला टप-उघडी गाडी म्हणणेच शास्त्राला धरून होईल. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत टपाचा मुख्य उपयोग आजवर त्यावर बसण्यासाठी झाला आहे, आणि कशेळे-कळंबच्या रस्त्याने बाजारातून परतणाऱ्या जीपच्या टपावरील प्रवाशांनी जो वारा माणशी दहा-वीस रुपयांत खाल्ला, तोच वारा खाण्यासाठी शनिवारी फार्महाउसकडे निघालेला मुंबईकर आता ९० लाखांच्या घरातली गाडी घेतो, ही या प्रदेशाच्या आर्थिक प्रगतीची खूणच मानली पाहिजे.

अशी गाडी खोपोलीच्या पंपावर उभी राहिली की पहिला प्रश्न येतो तो 'किती देते?' हा. या प्रश्नाचे अधिकृत उत्तर पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था देते आणि त्यासाठी गाडीला रस्त्यावर आणण्याची गरज पडत नाही. गाडीची चाके प्रयोगशाळेतील रुळांवर ठरलेल्या वेगक्रमाने फिरवून आणि धुरांड्यातून काय बाहेर पडते ते मोजून इंधनाचा हिशेब काढला जातो. बीएमडब्ल्यू झेड-४ या दोन आसनी, ३ लिटर इंजिनाच्या आणि ३४० अश्वशक्तीच्या गाडीला या रीतीने लिटरमागे १२ किलोमीटरच्या आसपासचा आकडा मिळतो. त्या रुळांवर शिळफाट्याची कोंडी नसते, चौकच्या रस्त्यावरचा खडीचा डंपर नसतो, आणि मुख्य म्हणजे टप मिटलेला असतो. उघड्या गाडीत वारा काचेवरून आसनांत कोसळतो व गाडीला मागे ओढतो, त्यामुळे ज्या सुखासाठी गाडी घेतली ते सुख घेताच एव्हरेज उतरते. त्याहून मौजेची गोष्ट अशी की छप्पर हा मोटारीच्या सांगाड्याचा आधार असल्याने ते काढल्यावर तळ आणि कडा पोलादाने बळकट कराव्या लागतात, म्हणजे सामान्यतः टप काढलेली गाडी टप असलेल्या तिच्याच भगिनीपेक्षा जड भरते, आणि कमी छप्पर मिळते म्हणून ग्राहक अधिक पैसे मोजतो.

घाटाचा हिशेब याहून सरळ आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. दीड-पावणेदोन टनांची गाडी तेवढी उंच उचलण्यास, पेट्रोलातील सुमारे पाव भाग ऊर्जाच चाकांपर्यंत पोचते हे लक्षात घेता, सपाटीवरच्या खर्चाहून साधारण एक लिटर अधिक लागते. याच कड्यावरून टाटांनी १९१५ साली लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी नळांतून खोपोलीत उतरवले आणि त्या पडणाऱ्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवल्या; शंभराहून अधिक वर्षे एकाच डोंगराच्या एका अंगाने ऊर्जा उतरते आहे आणि दुसऱ्या अंगाने शनिवारी सकाळी ती परत वर नेली जात आहे. रेल्वेने मात्र १८६३ साली हा घाट खुला करताना आपली अशक्ती कधी लपवली नाही. ३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या या मार्गासाठी कर्जतला गाडीला मागून ढकलणारी इंजिने, म्हणजे बँकर, आजही जोडली जातात, आणि त्या थांब्याने प्रवाशाला बटाटावडा घेण्यास जी सवड दिली तिचे मोल कोणत्याही इंधनतक्त्यात धरलेले नाही.

पेट्रोलविषयी एवढे पाल्हाळ लावल्यावर हे सांगणे भाग आहे की ते सारे निरर्थक आहे. टप-उघडी गाडी वर्षाकाठी २,००० किलोमीटर चालते, लिटरला १० किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभर रुपयांना मिळते असे हिशेबाच्या सोयीसाठी धरल्यास वर्षाचे पेट्रोल २०,००० रुपयांचे होते. आता आयात केलेल्या मोटारीवर महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर किमतीच्या २० टक्के पडतो. ९० लाखांवर तो १८ लाख होतो, म्हणजे पहिली किल्ली फिरवण्यापूर्वीच मालकाने ९० वर्षांच्या पेट्रोलाचे पैसे सरकारजमा केलेले असतात. त्यानंतर येतो घसारा. वस्तू वापरली वा न वापरली तरी काळाबरोबर तिचे मोल जे झिजते त्याला हिशेबशास्त्रात घसारा म्हणतात, आणि विमा कंपन्यांच्या रूढ कोष्टकानुसार त्याने पाचव्या वर्षाच्या अखेरीस गाडीची किंमत निम्म्यावर येते. ४५ लाख भागिले ५, म्हणजे वर्षाला ९ लाख. पेट्रोल या रकमेच्या सव्वादोन टक्क्यांच्या आत बसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी मसाला फक्त तिप्पट होता, यावरून पूर्वजांची काटकसर दिसते.

येथे एक आक्षेप संभवतो की स्वस्त टप-उघडी गाडी काढली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. ती काढली गेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातील सॅन मोटर्सने रेनोचे १.२ लिटरचे छोटे इंजिन आणि फायबरग्लासची, म्हणजे कोकणी हवेतही न गंजणारी, काया असलेली स्टॉर्म नावाची गाडी बाजारात आणली. ग्राहकांनी तिचे कौतुक केले आणि मारुती विकत घेतली.

तेव्हा किलोमीटर हे एककच चुकीचे ठरते, कारण ही गाडी अंतर कापण्यासाठी घेतलेली नसून टप उघडा ठेवून दिसण्यासाठी घेतलेली आहे, आणि खर्चही उघड्या टपाच्या मिनिटामागे काढला पाहिजे. कर्जत तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो व तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जो पाऊस जमेला धरतात तो येथे खर्चाला पडतो. ऑक्टोबरात ऊन, मार्चपासून पुन्हा ऊन, आणि द्रुतगती मार्गावर बाराही महिने ट्रकचा धूर. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे सतरा रविवार. प्रत्येकी एक तास धरल्यास नुसत्या घसाऱ्याचाच दर मिनिटाला सुमारे ८८० रुपये पडतो, आणि त्या मिनिटांत खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत घालवलेली मिनिटेही मोजलेली आहेत. तेथे १ एप्रिल २०२३ पासून संपूर्ण मार्गासाठी मोटारीला ३२० रुपये पडतात; टप असो वा नसो.

जुन्या घाटरस्त्यावर ज्याने इंग्रजांना वाट दाखवली असे सांगितले जाते त्या शिंग्रोबा धनगराच्या देवळापाशी चालक नाणे टाकतात. टप-उघड्या गाडीतून ते काच न उतरवता टाकता येते, ही या वाहनाची आजवर नोंदली न गेलेली एकमेव बचत होय. गतिरोधकांनी मात्र तीही पुसून टाकली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा आणि झेड-४चे पोट जमिनीपासून सुमारे ११ सेंटिमीटरवर आहे, तेव्हा कागदावर एक सेंटिमीटरची सवलत उरते. परंतु फार्महाउसकडे वळणाऱ्या रस्त्यांवरील गतिरोधक ज्यांनी बांधले त्यांनी मानकापेक्षा स्वतःच्या तिटकाऱ्यावर अधिक भर दिलेला दिसतो.

नेरळहून माथेरानचा घाट चढून गेलेली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, कारण त्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. पुढचे दोन-अडीच किलोमीटर पायी, ई-रिक्षाने किंवा घोड्यावरून जावे लागतात. घोडा टपाविनाच येतो, त्याच्यावर वाहनकर नाही आणि त्याचे एव्हरेज पेंढीत मोजतात. वर्षाला ९ लाखांचा घसारा निमूट सोसणारा मालक येथे गाडीला कुलूप लावतो आणि घोडेवाल्याने सांगितलेल्या भाड्यातून पन्नास रुपये कमी व्हावेत म्हणून पाऊण तास हुज्जत घालतो.