सविता, वय ३२

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर सविता राहत असे. वय ३२, शिक्षण सातवी, मुलं दोन, स्मार्टफोन एक, स्वभाव 'शिकण्यास उत्सुक'. फोटो इंटरनेटवरून फुकटात घेतलेला, त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातली ही बाई गुजराती पद्धतीचा उलटा पदर घेऊन हसत होती. हिला आमच्या धंद्यात 'लर्नर पर्सोना' म्हणतात. धडा ज्याच्यासाठी करायचा तो माणूस डोळ्यांपुढे राहावा, म्हणून त्याचं नाव-गाव ठरवून टाकायचं. ॲलन कूपर नावाच्या अमेरिकी माणसाने १९९९ साली आपल्या पुस्तकात सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ही कल्पना मांडली. आधी खऱ्या माणसांशी बोला, मगच असा माणूस घडवा, एवढीच त्याची अट. आम्ही तेवढी अट सोडून बाकी सगळं घेतलं. पुण्याहून चंद्रपूर गाठायला अख्खी रात्र प्रवासात जाते. सविता अर्ध्या तासात तयार होते.

काम होतं मोह वेचणाऱ्या बायकांसाठी चार मिनिटांच्या ॲनिमेशनचं. विषय: वाघापासून सावध कसं राहावं. मी मूळचा सिंदेवाहीकडचा, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. गाव सोडून वीस वर्षं झाली, हे मीही कुणाला आठवू दिलं नाही.

पहिल्या खेपेला आमचा वाघ बरा होता, म्हणजे बघून पोटात गोळा यायचा. मग बैठकीत कुणीतरी म्हणालं, "जरा फ्रेंडली करा ना." वाघाला पापण्या आल्या. दुसऱ्या बैठकीत गाल आले. तिसऱ्या बैठकीनंतर तो दोन पायांवर उभा राहून, हात जोडून, स्वतःपासून कसं वाचावं ते स्वतःच सांगू लागला. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा ॲनिमेशनपट केला तेव्हा हातात नुसत्या काड्या होत्या, आणि त्या काडीगत वागल्या असाव्यात. आमच्याकडे एवढी यंत्रं असून वाघ वाघासारखा वागेना.

फिल्म दाखवायला गावी मामीच्या अंगणात गेलो. खाटेवर लॅपटॉप, भोवती सात-आठ बायका, मागे एक आजी. वाघाने नमस्कार केला आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, "हा कोनाच्या घरचा वाग आहे जी?"

तिथवर मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्याच दृश्यात सविता टाचा उंचावून मोहाच्या फांदीवरून फुलं तोडू लागली, पूजेला जास्वंद काढावी तशी. अंगण लोटपोट झालं. मोह तोडत नाहीत. तो रात्री-पहाटे आपोआप गळतो आणि खालून वेचायचा असतो. आमच्या ॲनिमेटरचा त्यात दोष नाही, त्याने मोह बाटलीतच पाहिलेला. खरी गोम पुढे होती. सगळा धोका त्या वाकण्यातच आहे. वाकून वेचणारं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतं. आम्ही बाईला उभी केली आणि धड्याचा कणाच काढून टाकला.

"आणि हे काय, उन्ह निघाल्यावर जा म्हनते ही?" मामी म्हणाली. "उशिरा गेलं तर अस्वल म्हनते, ये बाई, आत्ताच माहं जेवन झालं."

मी म्हटलं, "मामी, पण सूचना बरोबरच आहे."

"बरोबर हाये ना. मोह तुही सविता आनून देनार का?"

मागची आजी दुसऱ्याच मिनिटाला झोपली होती. ही बाई वडशाच्या मंडळीचं झाडीपट्टीचं नाटक रात्रभर, तांबडं फुटेपर्यंत, टक्क जागी राहून बघते. उठल्यावर तिने विचारलं, "याच्यात गानं नाई?" चार मिनिटंसुद्धा जास्त झाली, हा अभिप्राय मी तरी याआधी इतका थेट ऐकला नव्हता.

आमच्या या धड्याची लाज वाटावी असा दाखला शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना गावातल्या निरक्षर दायांकडून बाळाचा न्यूमोनिया ओळखून घ्यायचा होता. त्यासाठी मिनिटाला श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ म्हणजे धोका. पण दायांची मोजणी दहा-बाराच्या पुढे सरकत नसे. मग एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी घेतले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरले, तर औषध. १९९२ साली या साधनावर निबंधही छापून आला. दाईला साठपर्यंत मोजायला लावण्यापेक्षा साठालाच दहा-दहाच्या घासांत तिच्यापुढे ठेवलं. हसरी दाई कुणी भिंतीवर लावली होती असं ऐकिवात नाही. खऱ्या दायाच समोर बसलेल्या होत्या.

पुण्याला परतून आम्ही फिल्म नव्वद सेकंदांवर आणली. चार बायका वाकून वेचतात, पाचवी पाठ ताठ ठेवून चहूकडे बघत मोठमोठ्याने सासूबद्दल बोलते. बोलणं मामीनेच सुचवलं, "या विषयावर कोनी गप नाई राहत." वाघ झुडपामागे, अर्धवट दिसणारा, पापण्यांविना. आवाज मामीचा. आणि शेवटी आजीसाठी गाणं.

भिंतीवरून सविता उतरली. तिच्या जागी मामीचा फोटो लागला: वय ६१, शिक्षण चौथी, स्वभाव 'शिकवण्यास उत्सुक'.

मग फिल्म मंजुरीला गेली. एक बैठक झाली, मग दुसरी; वाघ जरा फ्रेंडली करता येईल का, हेही एकदा विचारून झालं. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो. मंजुरीचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं.