पोट रिकामं आहे का?

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्याला नाना ठाऊक नाहीत, असं होणार नाही. तुमच्या गावात त्यांना आप्पा म्हणत असतील, नाहीतर बापू. योगाला सुरुवात करून आठवडा झाला की ही माणसं योगी होत नाहीत, थेट इन्स्पेक्टर होतात. समोरच्याला रामराम घालायचं सोडून नाना विचारतात, "पोट रिकामं आहे का?"

आता सकाळी सहा वाजता, ओळख ना पाळख, चार बायकांदेखत एखाद्याच्या पोटाची चौकशी करावी का? पण नानांना ते सांगणार कोण! "हो" म्हटलं तर "किती वाजता जेवलात?" आणि "नाही" म्हटलं तर "काय खाल्लं?" म्हणजे सुटका नाहीच.

योगवर्गात नवशिक्याला पहिल्या दिवशी पुष्कळ सांगतात. कपडे सैल घाला, झटका देऊ नका, जमेल तेवढंच वाका, शेजारच्याकडे बघू नका. नानांनी त्यातलं एकच उचललं: जेवण आणि आसन यांत चार तासांचं अंतर हवं. बाकीच्या सूचना आसन करणाऱ्यांसाठी असतात आणि नानांची मजल अजून तिथवर गेलेली नाही. रात्री साडेदहाला शेवभाजी. पहाटे उठल्यावर चहा आणि 'गोळी घ्यायची म्हणून' चार बिस्किटं. सहाला सतरंजी अंथरून नाना घड्याळ बघतात. "बिस्किटं साडेपाचला. म्हणजे साडेनऊशिवाय नाही." मे महिन्यात पारा 45 कडे निघालेला असताना साडेनऊला जळगावात उघड्यावर भुजंगासन करायला भुजंगसुद्धा येणार नाही. सतरंजी गुंडाळली जाते.

हिवाळ्यात वेगळीच अडचण. मेहरूणच्या बोरांचं नाव लांबवर आहे. ती समोर आली की नानांचा हात आधी पुढे होतो आणि नियम मागून येतो. "बोर धरत नाहीत," असा निवाडा त्यांनी स्वतःच देऊन टाकला आहे. कोणत्या ग्रंथात, ते विचारू नये.

आणि भरीत पार्ट्या! शेतात काड्यांवर भाजलेली वांगी, वर कच्चं तेल, कळण्याची भाकरी, पुऱ्या. तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर नाना बांधालगत गुडघे मोडून बसले. सगळ्यांना वाटलं, काहीतरी झालं. झालं काहीच नव्हतं, ते वज्रासन होतं. जेवल्यावर करायला मुभा असलेलं हे आसन सापडल्यापासून नानांचा योग जोरात आहे. दिवसातून तीनदा वज्रासन होतं, लग्नसराईत जास्त.

या विषयात त्यांना हटकायची सोय नाही, कारण ते लगेच अमळनेर काढतात. "कुवलयानंद आपल्याकडचे भो!" यात थोडं तथ्य आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, जन्माने गुजरातचे. पण 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढण्याआधी ते अमळनेरला शिकवत होते. योगाची क्ष-किरणांनी तपासणी करणारा हा गृहस्थ सुरुवातीला पोटाच्याच मागे लागला. उड्डियान आणि नौली करताना आत काय घडतं ते त्यांनी पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंच्या नावावरून 'माधवदास निर्वात' म्हटलं. खान्देशी पोटात निर्वात! रात्रीच्या शेवभाजीनंतर क्ष-किरणांना तिथे शिरायला तरी जागा मिळाली असती का, हा माझा प्रश्न नानांनी कधी मनावर घेतला नाही.

21 जूनला तर त्यांचा सणच. संयुक्त राष्ट्रांनी 2014 च्या डिसेंबरात योग दिनाचा ठराव केला तेव्हा मैदानावर नानांचीही सोय होईल, याची कल्पना कुणाला असणार? प्रमुख पाहुणे यायला सव्वा तास उशीर. टी-शर्ट घातलेली जनता चटयांवर ताटकळत बसलेली, आणि नाना रांगेरांगेतून फिरत, "पोट रिकामं आहे का?" त्या दिवशी अख्ख्या मैदानाने एका सुरात "हो" म्हटलं. पाहुण्यांनी ताडासनात फोटो काढला आणि ते गेले. मागोमाग जनता नाश्त्याच्या पाकिटांकडे.

आमच्या घोळक्यात खरं योगासन येणारे एकच गृहस्थ. सत्तरी ओलांडलेले, पण सर्वांगासनात पाय असे सरळ, की आम्ही आपले पाय धोतरात नाहीतर ट्रॅकपँटमध्ये लपवायचो. बोलणं मोजकं. मुलं पुण्यात, बायको गेल्या वर्षी गेली. नाना त्यांनाही रोज विचारायचे, ते रोज "हो" म्हणायचे, आणि नाना आमच्याकडे वळून म्हणायचे, "बघा, याला म्हणतात निष्ठा!"

एकदा नानांनी पुढचा प्रश्न केला. "कधीपासून?"

"काल सकाळपासून असेल."

"उपास?"

"नाही हो. एकट्यासाठी कोण चूल पेटवतं?"

नाना भडकलेच. "मंग आसनं काय करी राह्यले भो? चला!" गृहस्थांना स्कूटरवर बसवून त्यांनी घरी नेलं. वहिनींनी भाकरी टाकल्या. तेव्हापासून त्यांचा डबा नानांकडून जातो, आणि पहाटे तलावावर येण्याआधी दोघांचा चहा एकत्र होतो. चहाबरोबर बिस्किटं, आणि नानांकडे गेलात तर चिवडाही सुटत नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. चार तासांचा हिशोब आता त्यांचाही जमत नाही. आमच्यातलं एकमेव सर्वांगासन बंद पडलं. सकाळी दोघं शेजारी शेजारी वज्रासनात बसतात. म्हाताऱ्याला त्याची सवय नाही, गुडघे दुखतात, मधूनच पाय मोकळे करतो.

"नवशिके आहेत," नाना आम्हाला सांगतात. "जमेल हळूहळू."